पहिल्या पानावर खुनी

आप्पा,

आमटी थर्मासमध्ये आहे, पोळ्या डब्यात. गॅसला हात लावू नका, सिलिंडर मी बंद केलाय.

तुमच्या कादंबरीवर वेब सिरीज काढणारे लोक अकराला मुलाखत घ्यायला येतील. माझी रजा संपलीय, खराडीला जावंच लागतंय. समोरच्या सुनीतीकाकू येऊन बसतील. त्यांच्यावर खेकसू नका.

कादंबरी टेबलावर आहे. चाळीस वर्षांपूर्वी ती हातोहात खपली, घरात एकही प्रत राहिली नाही. ही वाचनालयातून आणलीय. खुनी कोण, हे ते विचारणारच. परवा फोनवर तुम्ही डॉक्टर म्हणालात, काल वकील. दिग्दर्शकाला वाटलं, तुम्ही मुद्दाम चकवताय. मीही हसून हो म्हटलं.

रविवारी तुम्ही ती अख्खी वाचलीत. शेवटच्या पानावर थक्क होऊन म्हणालात, "लेखक भलताच बेरकी दिसतोय. कोण गं हा?" दूध उतू जातंय म्हणत मी आत पळाले.

म्हणून आज एक आगाऊपणा केलाय. वाचनालयाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणाऱ्यांना तुम्ही जन्मभर शिव्या घातल्यात. ती नावं खोडायला खिशात खोडरबर ठेवायचात. तस्संच नाव मी पेन्सिलीनं लिहिलंय. खाली लिहिलंय, 'लेखक: तुम्ही स्वतः.'

खोडरबर मी सोबत नेतेय.

अस्मिता
(तुमची मुलगी)