पाहुण्यांच्या वेळेवर सुटलेली शर्यत

प्रिय दिनू,

काल तुझ्या कंपनीतले दोन साहेब घरी येऊन गेले, म्हणून लिहितेय. नाहीतर तुझ्याशी बोलायचंच नाही, असं वर्षभर ठरवलं होतं मी.

तुझ्या नावानं शर्यत ठेवतायत. टी-शर्टवर तुझा फोटो! "ताई, झेंडा तुम्ही दाखवा," म्हणाले. मी विचारलं, "किती वाजता सुटणार?" तर एकमेकांकडे बघत म्हणाले, "ते प्रमुख पाहुण्यांच्या वेळेवर आहे."

पुन्हा तेच! गेल्या एप्रिलमध्ये सहाची शर्यत पाहुण्यांसाठी साडेआठला सोडली. चाकणच्या त्या रस्त्याला सावलीपुरतं झाड तरी आहे का? वाटेतलं पाणीही संपलं होतं, तुझ्याबरोबर पळणाऱ्या गणेशनं सांगितलं. सतराव्या किलोमीटरला तू पडलास. उष्माघात, डॉक्टर म्हणाले. मी पोचले तेव्हा तू नव्हतासच.

पण राग फक्त त्यांच्यावर नाही. तुला कुणी सांगितलं होतं एकवीस किलोमीटर पळायला? सराव किती, तर रहाटणीच्या गल्ल्यांतून चार सकाळी. त्याही मिसळीच्या गाडीपाशी संपणाऱ्या! सुपरवायझर म्हणाला, "पर्मनंट करताना उत्साही पोरं बघतात," की लगेच नाव दिलंस. आदल्या दिवशी रात्री उशिरापर्यंतची सेकंड शिफ्टही केलीस.

आठला तुझा फोन आला. "ताई, अजून उन्हात उभेच आहोत गं."

"मग ये परत."

"आता मागं फिरलो तर पोरं हसतील."

हसतील! हसण्यानं कुणी मेलंय का रे, येड्या?

आणि खरं सांगू? सगळ्यात आधी मीच हसले होते. "पाच किलोमीटरनंतर रिक्षा करशील," म्हणाले होते. ते मनाला लावून घेतलंस का? आता कुणाला विचारू?

साहेबांना सांगितलं, "टी-शर्टवरचा फोटो काढून टाका. उजाडताना सोडणार असाल तर सोडा, नाहीतर सोडूच नका." चहा तसाच ठेवून गेले.

झेंडा मी दाखवणार नाही. पण शर्यत झालीच, तर अर्ध्या वाटेच्या पुढं पाण्याचं पिंप घेऊन बसेन, हा माझा शब्द. ज्याचे पाय लटपटतील त्याला दंडाला धरून खाली बसवेन. ऐकलं नाही, तर शिव्या देईन. तुला द्यायच्या राहिल्या, त्या सगळ्या.

अजून चिडलेली,
तुझी शकूताई