बादलीच्या नफ्याचा अंदाज

ती. ओस्मो भावोजी यांना यार्मोचा नमस्कार.

ज्या टेबलावर हे पत्र लिहितो आहे ते मी केलेलं आहे, खुर्ची मी केलेली आहे, आणि खुर्ची डुगडुगू नये म्हणून तिच्या एका पायाखाली सरकवलेली चकतीही मीच कातलेली आहे. त्याखेरीज आजवरचं सांगायचं तर सौनात तापल्या दगडांवर पाणी टाकायच्या बादल्या चव्वेचाळीस (गळणारी एकच, ती पहिली, तिच्यात मिर्याने कोथिंबीर लावली आहे), लांब दांड्याच्या पळ्या एकसष्ट, वल्ह्याची होडी एक, अख्खा सौना एक, आणि स्वयंपाकघरातली कपाटं, ज्यांची दारं उलट्या बाजूला उघडतात असं मिर्या लग्नापासून म्हणते आहे. (दारं बरोबर उघडतात. ती उलट्या बाजूला उभी राहते.) यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, टाके काढले का, इर्मेली अक्का तुम्हाला जिना चढू देते का, हे सगळं खरं तर आधी विचारायला हवं होतं. तेव्हा ते आधीच विचारलं असं समजावं. इकडे सगळे खुशाल. तळं अजून गोठलेलं नाही.

कागदाचा कारखाना बंद झाल्यापासून मला बेकारीभत्ता मिळतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. मिर्याच्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पगारात खाणंपिणं भागतं आणि माझ्या भत्त्यातून हिवाळ्याचं विजेचं बिल जातं. अशी आमची वाटणी. तर या उन्हाळ्यात मी बाजारच्या चौकात, कॉफीच्या तंबूला लागून, बादल्या मांडून बसलो. तिसऱ्या शनिवारी एक बाई आली. तिने बादली उलटी करून पाहिली, आत नाक घालून वास घेतला, एकशे नव्वद युरो मोजले आणि पावती मागितली. इथून सगळं सुरू झालं. पावती म्हणजे धंदा आणि धंदा म्हणजे नोंदणी. शेजारचा एन्सियो म्हातारा म्हणाला की एका बादलीसाठी झोपलेल्या सरकारला कशाला उठवतोस. पण भावोजी, मी आजवर परवान्याशिवाय एक मासासुद्धा पकडलेला नाही. सोमवारी सकाळी दाढी करून (कॉम्प्युटरसमोर बसायला दाढी कशाला, असं मिर्या म्हणाली) मी अर्ज भरायला बसलो.

अर्जात धंद्याचं स्वरूप थोडक्यात लिहा असं होतं. थोडक्यात म्हणजे मी दोन पानं लिहिली. लाकूड कुठल्या उतारावरचं, किती वर्षं वाळवलेलं, कडं पत्र्याचं का नको, हे न सांगता नुसतं बादल्या असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भंगारातली पत्र्याची बादली नाही का येणार? मी बटण दाबलं. त्या चौकटीत मोजकीच अक्षरं मावतात हे नंतर कळलं. त्यामुळे सरकारदरबारी माझ्या धंद्याची नोंद अशी आहे: ‘लाकडी बादल्या, ज्या खिळे अथवा डिंक न वापरता केवळ’. केवळ काय, ते कुणालाच कळायचं नाही. माझा धंदा तिथेच संपतो.

पुढे कर खात्याचं पान. तिथे वर्षभरात किती नफा होईल याचा अंदाज आपणच लिहायचा असतो. मी आधी दोन हजार लिहिले. स्क्रीनवर ते फार केविलवाणं दिसलं. म्हटलं, हे कुणीतरी वाचणार, आणि त्याला वाटणार की हा गडी दोन हजारांच्या लायकीचं काम करतो. पाच केले. मग डोक्यात आलं की कारखान्यातला आमचा फोरमन, ज्याला साधा दरवाजा बसवता येत नव्हता, तो वर्षाला किती कमवायचा. शेवटी अठ्ठावीस हजार लिहिले आणि हात धुऊन कॉफी प्यायला गेलो. दोन आठवड्यांत पत्र आलं: अठ्ठावीस हजारांवरचा कर, आगाऊ, दरमहा हप्त्याने. भावोजी, या देशात माणसाने लिहिलं की ते खरं धरतात, हाच घोळ आहे. कुणी शंका घेतली असती, कुणी येऊन बादली बघून हसलं असतं, तरी मी वाचलो असतो. तोवर विकल्या गेल्या होत्या बादल्या नऊ. त्यातल्या दोन तुम्ही घेतल्यात आणि एक एन्सियोने, धुरावलेल्या माशांच्या मोबदल्यात. (हे मासे उत्पन्नात कसे दाखवायचे ते मी कर खात्याला फोन करून विचारलं. खाल्ले का, असं तिकडच्या बाईंनी विचारलं. हो म्हटलं. बरं केलंत, म्हणाल्या.)

मिर्याने ते पत्र दोनदा वाचलं आणि इतकंच म्हणाली, “बादली सोन्याची आहे असं तू त्यांना कळवलंस. आता ते वाटा मागतायत, त्यांचं काय चुकलं?”

इथपर्यंत निदान भत्ता तरी चालू होता. मग रोजगार कार्यालयातून फोन आला. सुवी नावाची मुलगी होती, आवाजावरून आमच्या धाकट्या लेकीच्या वयाची, आणि फार गोड बोलणारी. तिने समजावून सांगितलं की धंदा जोडधंदा असेल तर भत्ता चालू राहतो. पूर्ण वेळेचा असेल तर मी बेकार नाही, आणि बेकार नाही तर भत्ता नाही. मग विचारलं की आठवड्यातून साधारण किती वेळ जातो. इथे शहाणा माणूस म्हणाला असता, जातात दोन-चार संध्याकाळी. मी तिला थांबायला सांगितलं, पेन्सिल घेतली आणि बेरीज केली. फळ्या तासणं, कडी वळवणं, हत्यारांना धार. जंगलात जाऊन झाड निवडणं. रचून ठेवलेलं लाकूड रोज सकाळी परतून बघणं. (ते वाळत असतं तेव्हा मी काही करत नाही असं लोकांना वाटतं. तेव्हाच तर सगळं होतं.) बेरीज सेहेचाळीस तास आली. ती मुलगी मला वाचवायला बघत होती हे मला आज कळतंय. ती हळूच म्हणाली, “काका, मी इथे छंद म्हणून लिहू का? तेवढ्याने भागेल.”

मी म्हणालो, “छंद म्हणजे आमचे भावोजी बर्फाला भोक पाडून दिवसभर त्यापाशी गळ टाकून बसतात, ते. हे काम आहे.”

(उदाहरणादाखल तुमचं नाव घेतलं, त्याबद्दल माफी असावी. ऐन वेळी दुसरं कुणी आठवलं नाही.)

तिने लिहून घेतलं. त्याच आठवड्यात भत्ता थांबला. लेखी खुलासा येईपर्यंत थांबलेला राहील असं कळवलं. मिर्याने विजेचं बिल आणून माझ्या कामाच्या बाकावर ठेवलं आणि उडू नये म्हणून त्यावर माझाच रंधा ठेवला. त्या शनिवारी सौनात मी एन्सियोला सगळी हकीकत सांगितली. त्याने दगडांवर पाणी टाकलं, वाफ खाली उतरू दिली, आणि म्हणाला, “अर्जात खरं लिहायचं असतं रे. मोठं नव्हे.” मी म्हटलं तास तर खरेच होते. “मग तिथे छोटं लिहायचं,” तो म्हणाला आणि पुन्हा पाणी टाकलं. हे पाणी त्याने माझ्या पळीने टाकलं हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं नाही.

सोमवारी कर खात्याला फोन केला. अंदाज कमी करायचा आहे म्हटलं. पलीकडचा माणूस म्हणाला, सोपं आहे, फक्त कारण सांगा. भावोजी, चोपन्न वर्षांच्या आयुष्यात इतकं जड वाक्य मी बोललो नव्हतो. मी आधी हवामान सांगितलं. मग लोकांची बदललेली आवड सांगितली. मग कोरड्या हवेत लाकूड आकसतं तेही सांगितलं. तो नुसता हूं हूं करत होता. शेवटी म्हणालो, “लोक घेत नाहीत.” तो म्हणाला ठीक आहे, आणि टकटक करून सगळं बदलून टाकलं. कॉफी निवायच्या आत. त्याला काहीच वाटलं नाही याचं मला अजून वाईट वाटतंय.

आता उरला आहे तो रोजगार कार्यालयाचा खुलासा. तो पाठवला तर थंडीच्या आत भत्ता सुरू होईल असं सुवी म्हणते (हो, तिने स्वतःहून पुन्हा फोन केला, भली पोर आहे). मी खुलासा लिहायला घेतला आहे. अकरा पानं झाली आहेत आणि त्यात अजून झाडसुद्धा तोडून झालेलं नाही. गुडघ्याला जपा, भोकापाशी बसायचं असलं तर खाली घोंगडी घ्या. अक्काला माझा नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
यार्मो

ता. क. तुम्ही तीस वर्षं कस्टममध्ये काढलीत, थोडक्यात लिहिणं तुमच्या हाताला आहे. अकरा पानं सोबत जोडली आहेत. त्यांच्या चार ओळी कराल का? मी जोडधंदेवाला आहे असं त्यातून निघालं पाहिजे. फक्त तो एक शब्द नको. तुम्हाला कळलं कुठला.

ता. क. दुसरा. वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल. पत्र यासाठी लिहिलं आहे. दर महिन्याच्या अर्जात एक प्रश्न असतो: या काळात देऊ केलेलं काम नाकारलं का? हो म्हटलं की भत्ता काही आठवडे बंद. आतापर्यंत मी डोळे मिटून ‘नाही’ लिहीत आलो. परवा उत्तरेकडच्या एका मोठ्या हॉटेलातून माणूस आला होता. त्यांचे पाहुणे बादली कोरडी ठेवून जातात, लाकूड आकसतं आणि पाणी गळतं, म्हणून त्याला आत प्लास्टिकचं भांडं बसवून हवं होतं. मी त्याला सांगितलं की रोज पाणी भरून ठेवा, फुगून फळ्या आपोआप घट्ट बसतात; तो म्हणाला, आमचे पाहुणे नाही ठेवणार. मग मी त्याला कॉफी पाजली आणि नाही म्हटलं. आता हे काम नाकारणं झालं, की माल न विकणं झालं? मिर्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती अक्काला फोन करते तेव्हा सांभाळून घ्या. तुम्हाला नीट ठरवता यावं म्हणून नेमकं काय नाकारलं तेवढं लिहून थांबतो: शंभर बादल्या, आत प्लास्टिक, बाहेर माझं नाव डागून, ख्रिसमसच्या आत, रोख चौदा हजार युरो.