जिरेनियमची शेवटची कुंडी

मी, लीना एश्लिमान, वय एक्याऐंशी, राहणार ओबेरग्राबेन, एमेनताल, स्वित्झर्लंड, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र करून ठेवते. माझं खुब्याचं हाड मोडलं आहे, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घर, गोठा व मागचं कुरण मुलगा हान्सुएली यास.

२. बँकेतील शिल्लक हान्सुएली व सून मिरियाम यांना निम्मी निम्मी. सून वाईट नाही. तिची फुलांवर माया आहे, तेच माझं दुखणं आहे.

३. खिडक्यांतली जिरेनियम माझ्या आईच्या रोपापासून फांद्या लावून वाढवलेली होती. दुकानातल्या चिठ्ठीवर ‘वर्षायू’ छापतात आणि आमच्या घरात चिठ्ठीवर विश्वास, माझ्यावर नाही. झेंडू वर्षायू असतो. तो फुलतो, बी धरतो आणि आपणहून मरतो. जिरेनियम आपणहून मरत नाही, त्याला इथली थंडी मारते. छाटून गार तळघरात जवळजवळ कोरडं ठेवलं की ते वर्षानुवर्षं जगतं. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

गेल्या हिवाळ्यात मी इस्पितळात असताना मिरियामनं कुंड्या तळघरातून वर आणून शेगडीजवळ मांडल्या आणि रोज पाणी घातलं. मुळं कुजली. विचारलं तर म्हणते, "आई, बिचारी पार वाळली होती हो, मला बघवेना." अगं, ती झोपलेली होती. हान्सुएली म्हणाला, "जाऊ दे ना आई, बाजारात ढिगानं मिळतात." त्या दिवशी मी रागानं जेवले नाही. पिंपाआड एक कुंडी कोणाला दिसली नाही, तेवढी वाचली. आता त्याच तळघरात हान्सुएली सॉना, म्हणजे घाम काढायची तापती खोली, बांधतो आहे.

४. सबब ती कुंडी शेजारीण रोझा विदमेर हिला. तिनं माझ्या खिडकीतल्या फांद्या मोडून नेल्या आणि गावच्या स्पर्धेत बक्षीस मिरवलं, तेव्हापासून आमचा अबोला होता. ती चोरटी आहे, हे माझं मत माझ्या पश्चातही कायम समजावं. पण तिचं तळघर गार आहे आणि पाणी घालताना तिचा हात आखडता असतो.

काल तिला बोलावून घेतलं. तिनं बोटानं माती चाचपली. म्हणाली, "कोरडी ठेवलीस, बरं केलंस. तुझ्या आईची रोपं अजून आहेत गं माझ्याकडे, लीने." मला रडू आलं. राग मात्र गेला नाही.

५. कलम चार अमलात आणण्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. कुंडी आजच न्यावी. पहाटे कुरणावर हिम धरू लागलं आहे.

सही: लीना एश्लिमान
साक्षीदार: फ्रिडोलिन त्सुर्फ्लू (चीज करणारे) व मार्ग्रिट नॉयकोम (टपालवाली)
ओबेरग्राबेन, १४ ऑक्टोबर २००९