पणजीचा सराव

सुमेनेप,
२८ ऑगस्ट २०१९

प्रिय रोहेमा,

सुराबायाला सुखरूप पोचलीस ना? इथे सगळं ठीक आहे. अंगणभर तंबाखू वाळत घातलाय, तुझ्या इथल्या बंद घराच्या ओट्यावरसुद्धा. मजीदमामांचे बैल शर्यतीत पुन्हा हरले.

मी रागावले आहे. तेव्हाच बोलणार होते, पण ईदच्या दिवशी नको म्हटलं.

आईने तुझ्या नातीला शेवग्याच्या पाल्याचं सार वाढलं आणि विचारलं, "आपण जेवलात का?" पाच वर्षांच्या केइलाला. आपल्याशीही ती अशीच बोलायची. मान मिळाला की मूल मान द्यायला शिकतं. आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "आई, तिच्याशी मादुरी भाषा नको. तिने हेल काढला की शाळेत हसतात. इंडोनेशियन जमत नसेल तर नुसती हस."

तुम्ही जाईपर्यंत आई नुसती हसत राहिली.

मलांगच्या शाळेतल्या सिस्टर बेर्नार्डा आठवतात? आपण घरच्या आठवणीने रडायचो, म्हणून त्या डच बाईने आपली भाषा शिकून घेतली. चुकतमाकत रोज विचारायच्या, "आपण जेवलात का?" त्या परक्या होत्या. तू कोण आहेस?

परवा स्वयंपाकघरातून टीव्हीवरच्या बाईसारखा आवाज आला. आई मक्याचा भात ढवळत होती आणि चुलीला इंडोनेशियनमध्ये विचारत होती, "बाळ, जेवलीस का?"

"हे काय, आई?"

"सराव. पुढच्या ईदला पोरीशी बोलायला नको? जीभ मेली वळत नाही."

मामा दारातूनच म्हणाले, "आक्काला सुराबायाचं वारं लागलं."

"तू गप रे. तुझ्या बैलांना शिकवते आधी, निदान ते तरी पुढे जातील."

मी हसले, आणि मागच्या दारी जाऊन डोळे पुसले.

सगळं ठीक आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही. तिचे पाय सुजतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय फार थकलंय. पुढच्या ईदबद्दल मी विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत राहिले. आईला यातलं काही माहीत नाही. ती सराव करतेय.

आता तूच सांग, नवी भाषा कुणी शिकायची? ईदपर्यंत थांबू नकोस, नोव्हेंबरातल्या मौलिदलाच ये. तोवर केइलाला एवढंच शिकव: "जेवले, पणजी. आपण?" आपल्या भाषेत, मान देऊन. हेल निघाला तर निघू दे.

तुझ्या ओट्यावरचा तंबाखू उचलते आणि घर उघडून झाडून ठेवते.

राग तसाच ठेवून, वाट बघणारी
तुझी थोरली बहीण,
होस्निया