दोघांच्या वजनाच्या स्प्रिंगा

आप्पा, आज तुमची आठवण आली ती स्प्रिंगांवरून. इथे मिशिगनच्या उत्तरेला वर्षातले पाच महिने बर्फ असतो आणि त्यावरून पळणारी एक गाडी माझ्याकडे आहे. स्नोमोबील म्हणतात तिला. पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या, मागे फिरणारा रबरी पट्टा आणि बसायला स्कूटरसारखी लांब सीट. तुम्ही ती पाहिली असती तर रंगाकडे ढुंकूनही न बघता आधी खाली वाकला असता. तर तिच्या मागच्या स्प्रिंगा गेल्या हिवाळ्यात बसल्या. जरा उंचवटा आला की बूड टेकतं आणि दणका थेट माझ्या मणक्यात जातो. सदुसष्टाव्या वर्षी मणक्याचे लाड करावे लागतात. म्हणून कंपनीच्या स्प्रिंगा काढून बाहेरच्या, जास्त ताकदीच्या बसवायचं ठरवलं.

गावातल्या दुकानात काउंटरवरच्या माणसानं विचारलं, गाडीवर बसणार किती जण? स्प्रिंगेची ताकद वजनावर ठरते. एकट्यासाठी वेगळी, दोघांसाठी वेगळी, जाड तारेची. मी म्हणालो, दोघं. जराही अडखळलो नाही. तुमच्या सुनेला जाऊन येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील.

या गाडीला ती आधी नावं ठेवायची आणि मग माझ्याआधी बूट घालून दारात उभी राहायची. मागे बसून माझ्या पाठीवर थाप मारायची. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. थांबायचं ते गोठलेल्या तळ्याशी, थर्मासमधला आल्याचा चहा प्यायला. आता मी तळ्याशी थांबतो खरा, पण चहा घरी येऊन पितो. एकट्यासाठी थर्मास भरायचा कंटाळा येतो. कधी कधी दिवसभरात मी मराठी सोडाच, इंग्रजीही बोलत नाही. तुमची नात इथून फार दूर, मॉरिसव्हिल गावाला असते, दर रविवारी फोन करते. गेल्या रविवारी म्हणाली, "बाबा, ती स्नोमोबील सेल करून टाक ना. एकटा कुठे पडलास तर? इकडे ये आमच्याकडे, सिरियसली." मी म्हटलं, नव्या स्प्रिंगा मागवल्यात.

काउंटरवर ‘दोघं’ असं खोटं बोलल्यापासून मला हायवेवरचं आपलं दुकान दिसतंय. पत्र्याच्या शेडमध्ये ट्रकच्या स्प्रिंगांचे लोखंडी पाटे एकावर एक रचलेले आहेत, तुम्ही भट्टीपाशी आहात आणि मी नुकती इंजिनियरची डिग्री घेऊन शहाणपणा करायला आलोय. एक ट्रकवाला येतो. जादा पाटा घाला म्हणतो, माल फार असतो, गाडी कायम भरलेली. मी लगेच कागद घेऊन वजन मांडतो, पाट्याची जाडी काढतो आणि कामगाराला पाटा उचलायला सांगतो. तुम्ही हात पुसत येता. माझ्या कागदाकडे बघतही नाही. गाडीखाली शिरता, जुने पाटे चाचपता, मग हौद्यात चढून फळ्यांवरून बोट फिरवता. तिथे धूळ आहे. पाट्यांवर घासल्याची चमक नाही, गंज आहे. खाली उतरून तुम्ही ट्रकवाल्याला चहा देता आणि हलक्या आवाजात सांगता, आहेत तेच पाटे नीट करून देतो, जादा नको. तो मान खाली घालून चहा पितो. त्याचं कारखान्याचं काम सुटल्याचं मला नंतर कळलं.

तो गेल्यावर मी तावातावानं म्हणालो, धडधडीत खोटं बोलला माणूस. तेव्हा तुम्ही मला झापलंत, तेही गिऱ्हाईक नसताना, तुमच्या पद्धतीनं. "मालकाला विचारून पाटा लावायचा असेल तर आपण कशाला बसलोय इथे? गाडीला विचारावं. रिकाम्या गाडीला जादा पाटा घातला तर ती उडते, ड्रायव्हरची पाठ जाते." आणि मग भट्टीकडे वळताना म्हणालात, "आणि खोटं नव्हता बोलत तो. काम परत येईल म्हणून पाटा मागत होता."

तेव्हा मला ते नुसतं मऊपण वाटलं होतं. धंदा करायला बसलेल्या माणसानं इतकं मऊ असू नये, असंही आईला बोलून दाखवलं होतं. काम केलेल्या गाडीच्या पहिल्या फेरीला तुम्ही ड्रायव्हरशेजारी जाऊन बसायचात, त्याचीही मला तेव्हा लाज वाटायची. पाटे नीट करून दिल्यावर त्या ट्रकवाल्याबरोबरही गेलात, रिकाम्या गाडीतून, आणि जेवायची वेळ टळून गेल्यावर आलात.

स्प्रिंगांचं खोकं परवा आलं. आज सकाळी गॅरेजमध्ये पाना घेतला, पण आधी तुमच्यासारखा गाडीपाशी वाकलो. पुढची सीट घासून गुळगुळीत झाली आहे. मागे पाय ठेवायच्या जागेवर गंज चढलाय आणि तुमची सून धरायची त्या कडीला कोळ्यानं जाळं केलंय. मी ते पुसलं नाही. पाना जागेवर ठेवला आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसून राहिलो, बूट गार पडेपर्यंत. फार एकटं वाटलं, आप्पा. तुम्ही असता तर चहा दिला असता आणि पहिल्या फेरीला मागे येऊन बसला असता, थंडीला शिव्या देत.

ही गाडी मी विकणार नाही. स्प्रिंगा मात्र परत पाठवतोय, बदल्यात एकट्याच्या मागवल्यात. तुम्हाला लिहिलेलं हे कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, पानं गाडीच्या सीटखालीच राहतील. खोक्याबरोबर जाणारा फॉर्म तेवढा भरून झाला. परत करण्याचं कारण विचारलं होतं. मी लिहिलं, वजन सांगताना चूक झाली. तेही खरं नाही. वजन मला माहीत होतं.