डाउनलोड अडकलं आणि माझा हात उठला

मंगळवार, संध्याकाळ

आज मी प्रसादला मारलं. सख्ख्या धाकट्या भावाला, स्टीलच्या तांब्यानं.

उद्या जयसिंगपुरात जनावरांच्या डॉक्टरांना आमचं ॲप दाखवायचंय, आणि त्याला लागणारी नकाशाची लायब्ररी, म्हणजे नकाशे दाखवणारा तयार कोड, नेटवरून उतरतच नव्हती. स्क्रीनवर सारखी तीच एररची लाल ओळ. राउटर बदलला, मोबाईलचं नेट जोडलं, सगळं काढून नव्यानं टाकलं. तरी तीच लाल ओळ.

दुपारी प्रसाद मागून म्हणाला, "आक्का, जमत न्हाय तर सांग की. उगं दिवस कशाला घालवतीस?"

तांब्या उचललेला आठवतोय. फेकायचा होता की मारायचा? त्याचं कपाळ फुटलं. त्यानं माझा हात पिरगाळून मला भिंतीवर आदळलं. लॅपटॉप खाली पडला. मग रक्त दिसलं आणि दोघंही थांबलो.

दवाखान्यात त्याला टाके घालत होते, तेव्हा मी बाहेर बाकावर लॅपटॉप उघडला. स्क्रीनला चीर, पण चालू. सेटिंगच्या फाईलमध्ये जुन्या ऑफिसचा प्रॉक्सी, म्हणजे नेटवर जायच्या मधल्या सर्व्हरचा पत्ता, तसाच होता. नोकरी सोडली तरी मशीन अजून तिथल्याच सर्व्हरकडनं डाउनलोड मागत होतं! त्या ओळी पुसल्या. लायब्ररी लगेच उतरली.

प्रसाद पट्टी बांधून बाहेर आला. "झालं?"

"झालं. दुखतंय का रे?"

"चल घरी."

दुखऱ्या हातानं मीच गाडी चालवली. एरवी तो मागं बसून माझा खांदा धरतो. आज त्यानं मागची कडी धरली.