फ्रीजचा प्लग

गुरुवार, ६ नोव्हेंबर
लॅबला सॉकेट दोन, उपकरणं पाच. हा अन्याय इतिहासात नोंदला जावा म्हणून लिहिते. संध्याकाळी फ्रीजचा प्लग काढून किटली लावली, तेव्हा कुठे एका कपाचं आधण आलं. मालक म्हणतात, "मॅडम, चहा बाहेर घ्या." बाहेर घ्यायला बरोबर कुणी लागतं.

शनिवार, ८
काल एमआयडीसीची शुक्रवारची सुट्टी, आपलीही. दिवसभरात बोललेले शब्द: "अर्धा लिटर."
आज आले तर फ्रीज कोमट. प्लग किटलीपाशीच लोंबतोय. गुपचूप लावला. कुणी पाहिलं नाही. पाहायला आहे कोण!
कुंभवलीच्या मंजुळाबाईंच्या लघवीतले जंतू प्लेटवर पसरले, वर औषधांच्या चकत्या ठेवल्या. त्याच फ्रीजमधल्या.

रविवार, ९
औषध चाललं की चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. गोळीतून देता येणाऱ्या औषधांपैकी एकाचाही धड गोल नाही. तसा रिपोर्ट दिला. डॉक्टरांनी ॲडमिट करून सात दिवस इंजेक्शनं सांगितली.
मंजुळाबाई काउंटरवर: "सात दीस? मुकादम दुसरी बाय ठेवल ना! गोळी नाय चालत?"
म्हटलं, रिपोर्ट आहे तो आहे. काय रुबाब!

सोमवार, १०
चकत्यांची आठवड्याची तपासणी. ज्यांचा गोल केवढा यायला हवा हे ठरलेलं असतं, ते लॅबचे पाळीव जंतू लावले. घरी मांजरही नाही, इथे निदान हे.

मंगळवार, ११
पाळिवांचेही गोल आखडलेले. म्हणजे जंतू शूर नाहीत, चकत्या मेल्यात. ही तपासणी शनिवारीच करायची होती. पण मग का केली, ते सांगावं लागलं असतं.
पालघरहून नव्या चकत्या आणून मंजुळाबाईंचे जंतू पुन्हा लावले. डॉक्टरांना फोन… उद्या. खात्री झाली की.

बुधवार, १२
गोल लख्ख. साधी गोळी चालते.
डॉक्टरांना सगळं सांगितलं, किटलीसकट. ते म्हणाले, "काल का नाही बोललात?"
वॉर्डात गेले, किटलीचं तिथेही सांगितलं. मंजुळाबाई: "मंजे तीन दीस सुया फुकट टोचल्या?"
"हो. चूक माझी."
"चा तरी बरा झालेला का?"
ती हसली. मला नाही जमलं.

गुरुवार, १३
सकाळी तिच्या कंपनीच्या गेटवर. मुकादम म्हणाला, "उसकी जगह दूसरी आ गयी."
लॅबच्या कागदावर तिथेच लिहून दिलं: खाडे माझ्या चुकीमुळे पडले, बाईंचा दोष नाही. पूर्ण नाव, सही.
"देखते हैं, मॅडम."
कागद घडी करून खिशात घातला त्याने. वाचला नाही.